बर्फाविना स्की जंपिंग : उन्हाळी ग्रां प्री नेमकी असते तरी काय?

ऑगस्ट महिना. पोलंडच्या दक्षिणेकडचं विस्वा हे डोंगरातलं गाव. आजूबाजूला गर्द हिरवी झाडी, प्रेक्षक टी-शर्टमध्ये, आणि उंच मनोऱ्याच्या टोकाला एका आडव्या दांड्यावर बसलेला खेळाडू. त्याच्या पायांत अडीच मीटर लांबीच्या स्की आहेत, पण खाली बर्फाचा कणही नाही. हिरवा दिवा लागतो, तो दांडा सोडतो, घसरत घसरत ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, कड्यावरून स्वतःला हवेत झोकून देतो आणि सव्वाशे मीटर अंतरावर जाऊन उतरतो. हजारो लोक लाल-पांढरे झेंडे नाचवत ओरडतात.

स्की जंपिंग हा हिवाळी ऑलिंपिकमधला बर्फावरचा खेळ, एवढीच ज्यांची या खेळाशी ओळख आहे, त्यांना हे बघून नवल वाटणं साहजिक आहे. पण १९९४ पासून दर उन्हाळ्यात या खेळाची आंतरराष्ट्रीय मालिका भरते. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघ, म्हणजे एफआयएस, ती घेतो. तिचं नाव ग्रां प्री. साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वेगवेगळ्या देशांत फेऱ्या होतात. जर्मनीतलं हिंटरझार्टन आणि क्लिंगेनथाल, फ्रान्समधलं कुर्शेव्हेल, स्वित्झर्लंडमधलं आइनझीडेल्न, ऑस्ट्रियातलं हिन्झेनबाख, जपानमधलं हाकुबा ही या मालिकेतली परिचयाची नावं. प्रत्येक फेरीत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६० आणि असं करत तिसाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात. शेवटी ज्याची बेरीज सगळ्यांत जास्त, तो उन्हाळ्याचा विजेता. १९७९-८० पासून हिवाळ्यात चालणाऱ्या विश्वचषक मालिकेची गुणपद्धतही हीच आहे.

हिवाळ्याची रंगीत तालीम, अशी या मोसमाची ओळख करून दिली जाते. मला ती अपुरी वाटते. या खेळातले काही मोठे बदल आधी उन्हाळ्यात झाले आणि मग हिवाळ्यात गेले. शिवाय बर्फ बाजूला काढल्यावर या खेळात काय उरतं हे दिसतं, आणि जे उरतं तेच खरं स्की जंपिंग आहे.

उडीत बर्फाचं काम किती?

एका उडीचे चार टप्पे असतात. पहिला घसरपट्टीचा. खेळाडू खाली वाकून, छाती मांड्यांवर टेकवून, हात मागे ठेवून दोन खाचांमधून घसरत येतो. इथे त्याने स्वतः जोर लावायचा नसतो. गुरुत्वाकर्षण त्याला ओढत असतं आणि त्याने फक्त हवेला कमीत कमी अडायचं असतं.

दुसरा टप्पा कड्याचा, ज्याला सगळे टेबल म्हणतात. टीव्हीवर टेबल वर वळल्यासारखं वाटतं, पण ते खरं तर साधारण अकरा अंशांनी खालीच झुकलेलं असतं. म्हणजे हवेत उंच जायचं बळ खेळाडूने स्वतःच्या पायांनी निर्माण करायचं असतं. त्यासाठी त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळ मिळतो. सेकंदाचा विसावा भाग लवकर उठला तर जोर वाया जातो आणि तेवढाच उशीर झाला तर टेबल संपलेलं असतं. या खेळातला सगळ्यांत कठीण क्षण हाच आहे आणि प्रशिक्षक सगळ्यांत जास्त वेळ याच एका हालचालीवर घालवतात.

तिसरा टप्पा हवेतला. खेळाडू अंग पुढे झोकतो आणि स्कींची पुढची टोकं बाहेर फाकवून इंग्रजी व्ही अक्षराचा आकार करतो. १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोकलोव्हने ही शैली मोठ्या स्पर्धांमध्ये आणली, तेव्हा परीक्षक तिचे गुण कापत असत. पण ती इतकी लांब नेते, की काही वर्षांत सगळ्यांनीच ती उचलली. व्ही आकारात शरीर आणि स्की मिळून हवेला मोठं क्षेत्रफळ देतात आणि हवा त्यांना खालून तोलून धरते. हे उड्डाण जेमतेम चार-पाच सेकंदांचं असतं.

चौथा टप्पा उतरण्याचा. इतक्या वरून पडून माणूस धडधाकट कसा राहतो, हा प्रश्न प्रत्येक नव्या प्रेक्षकाला पडतो. उत्तर उताराच्या आकारात आहे. खालचा उतार जवळजवळ ३५ अंशांचा तीव्र असतो आणि खेळाडूचा हवेतला मार्गही साधारण तसाच खाली झुकत जातो. दोन्ही रेषा जवळपास समांतर असल्यामुळे खेळाडू जमिनीवर आदळण्याऐवजी तिला घासत उतरतो. मात्र फार लांब गेलं की उतार संपून सपाटी येऊ लागते आणि मग गुडघ्यांवर येणारा भार एकदम वाढतो. म्हणून प्रत्येक हिलला, म्हणजे घसरपट्टी, टेबल आणि उतार मिळून झालेल्या उडीच्या जागेला, एक मर्यादा आखलेली असते. ही हिल साइज, म्हणजे एचएस. विस्वाची एचएस १३४ मीटर आहे.

आता हे चारही टप्पे पाहा. टेबलावरची उसळी पायांची, उड्डाण हवेचं. बर्फ लागतो तो फक्त घसरायला आणि उतरायला. या दोन ठिकाणी घसरणारं दुसरं काही अंथरता आलं, तर खेळ जसाच्या तसा उभा राहतो.

ओबरहोफची चटई

ते दुसरं काही सापडलं १९५४ मध्ये, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत. हान्स रेनर हे तिथले स्की जंपिंगचे प्रशिक्षक. त्यांची अडचण साधी होती. थुरिंगिया या त्यांच्या भागातल्या टेकड्या आल्प्ससारख्या उंच नाहीत, तिथे बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो. खेळाडूंना वर्षातून मोजके आठवडेच उड्या मारता येत. रेनर यांनी प्लास्टिकच्या लांब तंतूंच्या चटया करून पाहिल्या आणि ओबरहोफमधली एक हिल त्यांनी मढवली. १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर पहिली स्पर्धा झाली.

परिणाम दिसायला फार वर्षं लागली नाहीत. १९५६ च्या कोर्तिना ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या हॅरी ग्लासला कांस्यपदक मिळालं आणि १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅलीला हेल्मुट रेकनागेलने थेट सुवर्णपदक जिंकलं. तोवर ऑलिंपिकच्या या खेळात नॉर्डिक देशांबाहेरच्या कुणालाही सुवर्ण मिळालेलं नव्हतं. सगळं श्रेय चटईला देता येणार नाही. पण बाकीचे बर्फाची वाट बघत असताना वर्षभर उड्या मारणारा संघ पुढे जाणारच. चटई मग युरोपभर आणि जपानमध्ये पसरली. आजच्या घडीला वरच्या पातळीवरचा जंपर वर्षातल्या कितीतरी उड्या बर्फावर मारतच नाही.

ही चटई जवळून कशी दिसते? हिरव्या रंगाचे, काडीइतके जाड, हातभर लांबीचे प्लास्टिकचे तंतू जुडीजुडीने एका पट्टीत बसवलेले असतात. तंतूंची टोकं उताराच्या दिशेने, खाली. अशा पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवून खालपासून वरपर्यंत लावत नेतात. वरच्या रांगेचे तंतू खालच्या रांगेचा जोड झाकतात, त्यामुळे स्कीला कुठेही कड लागत नाही. चटईखाली धक्का शोषणारा थर असतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. कोरड्या प्लास्टिकवर स्की अडकते, म्हणून स्पर्धेआधी आणि फेऱ्यांच्या मध्ये उतारावर फवारे सोडतात. कॅमेरा जवळ गेला की खेळाडू उतरताना दोन्ही बाजूंना पाण्याचे तुषार उडतात ते यामुळेच. पाणी सगळीकडे सारखं बसलेलं नसेल तर उतरल्यावर स्की मध्येच अडखळतात. तोल गेला तर बर्फात माणूस घसरत जातो, इथे मात्र चटई कातडी सोलते.

घसरपट्टीच्या खाचांची गोष्ट वेगळी. तिथे चटई चालत नाही, कारण वेग अगदी नेमका हवा. उन्हाळ्यात या खाचांच्या तळाशी सिरॅमिकचे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावरून पाणी वाहतं ठेवतात. हिवाळ्यात आधुनिक हिलवर त्याच खाचांमध्ये शीतकरणाच्या नळ्यांनी बर्फ गोठवतात. कुर्शेव्हेलमधली हिल असो वा क्लिंगेनथालची, ऋतू बदलला की तिचा पृष्ठभाग बदलतो, आकार तोच राहतो. हिवाळ्यात चटईवर जाळी टाकतात आणि त्या जाळीच्या आधाराने वरचा बर्फ तीव्र उतारावर टिकून राहतो.

गुण कसे मोजतात

लांब उडी मारणारा जिंकतो, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आणि मग १३० मीटरवाला १२७ मीटरवाल्याच्या मागे राहिलेला पाहून तो गोंधळतो. एक उदाहरण घेऊन बेरीज करू या. यातले आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

प्रत्येक हिलवर एक के-पॉइंट, म्हणजे उतारावर ठरवून दिलेली अंतराची खूण असते. तिथवर पोहोचलं की ६० गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला मोठ्या हिलवर १.८ गुण वाढतात आणि अलीकडे राहिलं तर तेवढेच कमी होतात. लहान, म्हणजे नॉर्मल हिलवर हा दर मीटरमागे २ गुणांचा असतो. समजा के-पॉइंट १२० मीटरवर आहे आणि आपल्या खेळाडूने १२८ मीटर उडी मारली. आठ मीटर जास्त, म्हणजे १४.४ गुण. अंतराचे झाले ७४.४.

मग शैलीचे गुण. पाच परीक्षक प्रत्येकी २० पैकी गुण देतात, त्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा आकडा काढून टाकतात. समजा मिळाले १७.५, १८, १८.५, १८.५ आणि १९. उरलेल्या तिघांची बेरीज ५५. परीक्षक हवेतली स्थिरता बघतात आणि उतरण्याची पद्धतही. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, अशा टेलिमार्क पद्धतीनेच उतरायचं असतं. दोन्ही पाय जुळवून धपकन उतरलं की गुण कापलेच. एकूण झाले १२९.४.

आता वारा. समोरून येणारा वारा जंपरला खालून उचलतो आणि पाठीमागून येणारा त्याला खाली दाबतो. आपल्या खेळाडूला समोरचा वारा मिळाला होता, म्हणून त्याचे समजा ६.३ गुण वजा. उरले १२३.१. शेवटी गेटचा हिशेब. गेट म्हणजे सुरुवातीच्या दांड्याची जागा. ती खाली घेतली की घसरपट्टी आखूड होते आणि वेग कमी मिळतो, म्हणून भरपाईचे गुण मिळतात. जागा वर नेली तर गुण कापले जातात. याच्या वेळी गेट खाली आणलं होतं, समजा चार गुण अधिक. अंतिम आकडा १२७.१. अशा दोन उड्यांची बेरीज म्हणजे त्याची स्पर्धा. पहिल्या फेरीत साधारण ५० जण उडी मारतात, त्यातले पहिले ३० दुसऱ्या फेरीत जातात.

वाऱ्याचा हा हिशेब पहिल्यांदा आला तो उन्हाळ्यात, २००९ च्या ग्रां प्रीमध्ये. त्याआधी वारा बदलला की काय व्हायचं? एखाद्याला झुळूक मिळून तो दहा मीटर पुढे जायचा, पुढच्याला पाठीवर वारा बसायचा, आणि दैव म्हणून दोघांनी गप्प राहायचं. वारा फारच फिरला तर अख्खी फेरी रद्द करून पहिल्यापासून सुरू करायची, मग मैदानात लोक आणि घरी टीव्हीसमोर बसलेले सगळेच ताटकळत. एवढा मोठा बदल ऑलिंपिकच्या तोंडावर थेट विश्वचषकात आणण्याची जोखीम कुणी घेतली नसती. उन्हाळ्यात तो करून बघता आला, आकडे तपासता आले आणि मग तो हिवाळ्यात गेला. आजही काही जुने रसिक म्हणतात की या गणितामुळे कोण जिंकलं हे डोळ्यांनी कळत नाही. त्यांची तक्रार खरी आहे. तरीही दोन खेळाडूंना दोन वेगळ्या हवा मिळाल्या असताना केवळ मीटर मोजणं अन्यायाचं होतं, आणि न्यायासाठी थोडं गणित सोसायला माझी हरकत नाही.

उन्हाळ्याची हवा वेगळी

पृष्ठभागाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त फरक हवेत असतो. गरम हवा विरळ असते. ३० अंश तापमानातल्या हवेची घनता उणे ५ अंशातल्या हवेपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी कमी भरते. जंपर हवेवर तरंगत असल्यामुळे हवा विरळ म्हणजे आधार कमी. कुर्शेव्हेलची हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे, तिथे विरळपणात आणखी भर पडते. म्हणून उन्हाळ्यात टेबलावरच्या जोराला जरा जास्त महत्त्व येतं. पायांत ताकद असलेला खेळाडू खुलतो, आणि केवळ हवेत पसरून लांब जाणाऱ्याला थोडं झगडावं लागतं. त्यात दुपारी तापलेल्या डोंगरउतारावरून हवा वर चढत असते, संध्याकाळी ती खाली उतरू लागते. त्यामुळे फेरीच्या सुरुवातीला उडी मारणाऱ्याला एक हवा आणि शेवटच्याला दुसरीच.

उन्हाळ्याचा राजा हिवाळ्यात कुठे असतो?

हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण इथे इतिहासच दोन तुकड्यांत पडलेला दिसतो.

१९९४ ची पहिली ग्रां प्री जपानच्या ताकानोबू ओकाबेने जिंकली. १९९७ आणि १९९८ ची मासाहिको हाराडाने. हे दोघेही १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हाकुबाच्या हिलवर सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या जपानी चौघांतले. हाराडाची कहाणी जपानमध्ये घराघरात माहीत आहे. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये सांघिक स्पर्धेतली जपानची शेवटची उडी त्याची होती, सुवर्ण जपानच्या हातात आल्यासारखं होतं, आणि तो ९७.५ मीटरवरच उतरला. जपान दुसरा. चार वर्षांनी आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर त्याने १३७ मीटर गाठले. त्या हाकुबात पुढे कित्येक उन्हाळे ग्रां प्रीच्या फेऱ्या होत आल्या आहेत.

पुढे २००५ ते २००९ या पाच वर्षांत एक विलक्षण साखळी तयार झाली. २००५ ची ग्रां प्री चेक प्रजासत्ताकाच्या याकुब यांडाने जिंकली आणि लगेचच्या हिवाळ्यात विश्वचषकही त्यानेच जिंकला. २००६ मध्ये पोलंडचा आदाम माविश, तेच. २००७ मध्ये ऑस्ट्रियाचा थॉमस मॉर्गेनस्टर्न, तेच. २००८ मध्ये त्याचा देशबंधू ग्रेगॉर श्लिरेनझाउअर आणि २००९ मध्ये स्वित्झर्लंडचा सिमोन अमान. अमानने तर त्या हिवाळ्यात व्हँकुव्हर ऑलिंपिकची दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकंही घेतली. उन्हाळा जिंका, हिवाळा तुमचाच, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर ते खोडून काढायला पुरावा नव्हता.

नंतर ही साखळी तुटली. २०१० ते २०२३ या काळातल्या एकाही उन्हाळी विजेत्याला लगोलगच्या हिवाळ्यात विश्वचषक जिंकता आला नाही. पोलंडच्या दाविद कुबात्स्कीने अनेकदा उन्हाळा जिंकला, त्यात २०१७, २०२० आणि २०२२ ही वर्षं होती. त्यातलं २०२० चं वर्ष कोविडमुळे विस्वाच्या दोन स्पर्धांपुरतंच उरलं होतं. तो २०१९ चा नॉर्मल हिलचा विश्वविजेता आहे, म्हणजे हिवाळ्यातही कच्चा नाही, पण विश्वचषकाच्या एकूण विजेतेपदाची ट्रॉफी त्याच्याकडे आली नाही. २०१८ मध्ये रशियाचा येव्गेनी क्लिमोव्ह जिंकला, २०२३ मध्ये बल्गेरियाचा व्लादिमिर झोग्राफस्की.

असं का व्हावं? माझ्या मते याचं कारण बड्या संघांनी उन्हाळ्याकडे बघण्याची नजर बदलली यात आहे. ऑस्ट्रिया, नॉर्वे, स्लोव्हेनिया, जर्मनी यांचे पहिल्या फळीतले खेळाडू सगळ्या फेऱ्यांना जातच नाहीत. जे जातात ते बरेचदा व्यायामाच्या जड आठवड्यांनी थकलेल्या पायांनी उतरतात. कुणी नवे बूट करून बघतो, कुणी टेबलावर उठण्याची नवी लय. त्यांचं लक्ष जानेवारी-फेब्रुवारीवर असतं. तेव्हा ऑगस्टमध्ये पंधरावा आलेला मोठा खेळाडू संपला, असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण याच कारणामुळे उन्हाळ्याचं दुसऱ्या अर्थाने मोल वाढतं. झोग्राफस्कीचंच बघा. २०११ चा हा कनिष्ठ गटाचा विश्वविजेता. त्याच्या देशात या खेळाचा मोठा संघ नाही, खूप पैसा नाही. वर्षानुवर्षं तो एकटाच बल्गेरियाचा झेंडा घेऊन फिरला. अशा खेळाडूला पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर उभं राहून राष्ट्रगीत ऐकण्याची संधी उन्हाळ्याने दिली. शिवाय तरुण खेळाडूंसाठी ग्रां प्रीत गुण मिळवणं म्हणजे विश्वचषकात उतरण्याची पात्रता. मॉर्गेनस्टर्नने पहिली ग्रां प्री जिंकली ती २००३ मध्ये, सोळाव्या वर्षी. बघणाऱ्यांना त्या उन्हाळ्यातच पुढच्या ऑलिंपिक विजेत्याची ओळख झाली होती.

महिलांची ग्रां प्री २०१२ मध्ये सुरू झाली आणि पहिलीच विजेती ठरली जपानची सारा ताकानाशी. पुढची कित्येक वर्षं उन्हाळा तिचाच होता. महिलांना ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो थेट २०१४ मध्ये, सोचीला. पुरुष १९२४ पासून तिथे उड्या मारत होते, हे लक्षात घेतलं तर एवढ्या उशिराचं समर्थन करता येत नाही. उन्हाळी मालिकेमुळे निदान महिलांच्या वाट्याला वर्षाचे आणखी काही महिने स्पर्धा आल्या.

पोशाखाचा प्रश्न

स्की जंपरचा पोशाख हा पंखाचाच भाग. तो सैल असेल तर हवा जास्त अडते आणि उडी लांबते. म्हणून त्याचं माप, जाडी आणि कापडातून किती हवा आरपार जायला हवी, हे सगळं नियमात बांधलेलं आहे. स्कीची लांबीही उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंतच, आणि वजन ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी असेल तर स्की आखूड कराव्या लागतात. हा वजनाचा नियम २००४ मध्ये आला, कारण हलकं राहण्यासाठी तरुण खेळाडू धोकादायक पातळीपर्यंत उपाशी राहत होते. या खेळातला हा सगळ्यांत माणुसकीचा नियम आहे, असं मी मानतो.

मार्च २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत नॉर्वेच्या संघाने तपासणी झालेल्या पोशाखात नंतर कडक धागा शिवल्याचं उघड झालं. मोठ्या हिलवर दुसरा आलेला मारियस लिंडविक बाद ठरला. या खेळाचं माहेर असलेल्या देशात, घरच्या प्रेक्षकांसमोर हे घडलं, त्यामुळे धक्का फार खोल होता. पुढचा हिवाळा ऑलिंपिकचा. त्याआधी विश्वास परत मिळवायला हातात एकच मोसम होता, उन्हाळ्याचा. २०२५ च्या ग्रां प्रीत तपासणी कडक झाली आणि पिवळ्या-लाल कार्डांची पद्धत सुरू झाली. साहित्यात दोष सापडून एकदा बाद झालात तर पिवळं कार्ड, पुन्हा तेच घडलं तर लाल.

त्याच मोसमात सप्टेंबरची फेरी इटलीतल्या प्रेदाझोला झाली. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी तिथल्या हिल नव्याने बांधल्या होत्या आणि त्यांची परीक्षा ग्रां प्रीत होणार होती. तिथे ऑस्ट्रियाची एव्हा पिंकेलनिग आणि अमेरिकेची अलेक्झांड्रिया लुटिट यांच्या गुडघ्यांना गंभीर दुखापती झाल्या. दोघींचाही ऑलिंपिकचा मोसम उन्हाळ्यातच संपला. पिंकेलनिग विश्वचषक मालिकेची विजेती, लुटिट विश्व अजिंक्यपद स्पर्धेची. नव्या हिलची चाचणी घ्यायलाच हवी, पण तिची किंमत खेळाडूंच्या गुडघ्यांनी चुकवायची का, हा प्रश्न महासंघाने गांभीर्याने घ्यायला हवा. फार लांब उड्या जाण्याआधी गेट खाली घेण्याचा अधिकार परीक्षक मंडळाकडे असतो, आणि चटईवर तो जरा लवकरच वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

चटई हिवाळ्यात शिरते तेव्हा

नोव्हेंबर २०२२ मध्ये विस्वात एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. त्या वर्षी कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक नोव्हेंबरात होता, म्हणून स्की जंपिंगचा विश्वचषक नेहमीपेक्षा लवकर सुरू करायचा ठरला. ५ आणि ६ नोव्हेंबर या तारखांना विस्वात पुरेसा बर्फ असण्याची शक्यता नव्हती. मग तोडगा काढला गेला. वरच्या खाचांमध्ये गोठवलेला बर्फ, आणि खाली उतरायला हिरवी चटई. विश्वचषकाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. पुरुषांच्या दोन्ही वैयक्तिक स्पर्धा कुबात्स्कीने जिंकल्या. उन्हाळा जिंकून आलेल्या खेळाडूला ओळखीचीच चटई मिळाली होती.

तेव्हा टीका खूप झाली. विश्वचषक म्हणजे पांढरा डोंगर, असं चित्र मनात घेऊन वाढलेल्यांना ते पटलं नाही, आणि त्यांची हळहळ मला समजते. पण कमी उंचीच्या गावांमध्ये नोव्हेंबरचा बर्फ आता भरवशाचा राहिलेला नाही. कृत्रिम बर्फ तयार करायला थंडी, पाणी आणि वीज तिन्ही लागतात. रेनर यांनी १९५४ मध्ये सोडवलेली अडचण फक्त थुरिंगियाची होती, ती आता अर्ध्या युरोपची झाली आहे. अशा वेळी ज्या खेळाकडे बर्फाशिवाय स्पर्धा घेण्याचा इतक्या दशकांचा अनुभव आहे, तो खेळ नशीबवान म्हणायला हवा. डोंगरावरून स्कीवर सुसाट उतरणाऱ्या शर्यतींकडे असा पर्याय नाही.

बघायचं कसं

भारतातून बघायचं तर वेळ सोयीची आहे. उन्हाळ्यात मध्य युरोपचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथली संध्याकाळी सहाची स्पर्धा इथे रात्री साडेनऊला. पहिल्यांदा बघताना सगळे आकडे समजून घ्यायच्या फंदात पडू नका. पडद्यावर उतारावर एक हिरवी रेघ उमटते. तोवर सगळ्यांत पुढे असलेल्याला मागे टाकायला किती अंतर लागेल, याचा हिशेब करून ती काढलेली असते. रेघेपलीकडे उतरला आणि टेलिमार्क नीट झाला, तर बहुधा तो पहिल्या क्रमांकावर आला.

दोन-चार उड्यांनंतर रेघ सोडून टेबलाकडे लक्ष द्या. संथ गतीची दृश्यं दाखवतात तेव्हा खेळाडूचे गुडघे नेमके कुठे सरळ होतात ते बघा, कड्याच्या आत की अगदी टोकावर. नंतर बघा त्याच्या स्की हवेत किती लवकर स्थिर होतात. चांगल्या जंपरच्या स्की टेबल सुटताच शरीराजवळ येतात आणि मग हलत नाहीत. आणि प्रशिक्षकांच्या कठड्यावर कॅमेरा गेला तर त्यांचे चेहरे बघा. खेळाडू अजून हवेत असतो, अंतर मोजलेलं नसतं, तरी टेबल सुटल्या सुटल्या त्यांच्यातला एखादा हाताची मूठ वळतो किंवा मान फिरवतो. उडी कशी झाली हे त्याला तेव्हाच कळलेलं असतं.